गुलाबी कार्डाशिवाय

बिमलानं चार उशा छातीशी कवटाळल्या, हनुवटीनं वरची उशी दाबून धरली आणि ती पळत सुटली. तिच्यामागे आणखी तीन आया, प्रत्येकीच्या कवेत चार उशा. सगळ्यांच्या मागून क्रेशच्या, म्हणजे पाळणाघराच्या, इन्चार्ज मॅडम, सतरावी उशी घेऊन. व्हरांडा, तीन पायऱ्या, गाडी उभी करायची चिंचोळी जागा आणि मग लोखंडी गेट. गेटवरच्या सुखलाल गार्डनं सलाम ठोकला आणि गेट सताड उघडलं. रस्त्यापलीकडच्या पार्कात कडुनिंबाखाली सतरा उशा ओळीनं मांडल्या गेल्या. मी स्टॉपवॉच थांबवलं. एक मिनिट पन्नास सेकंद.

"एक्सलंट!" एचआर मॅनेजर रितूनं टाळ्या वाजवल्या. मी फॉर्मवर सही केली. शेरा: समाधानकारक.

उशा का, ते सांगते. मॉक ड्रिल म्हणजे आग लागली आहे असं समजून इमारत रिकामी करायची रंगीत तालीम. पाळणाघरात ती मुलांसकट व्हायला हवी, हे उघड आहे. पण रितूनं सगळ्या पालकांना आठवडाभर आधी ईमेल पाठवली आणि पालकांची उत्तरं आली. मे महिना आहे, बच्चे को लू लगेगी. आमची मुलगी अलार्मला घाबरते. ड्रिल संध्याकाळी, मुलं घरी गेल्यावर घेता येणार नाही का? शेवटी तोडगा असा निघाला की ड्रिलच्या दिवशी मुलांना सुट्टी द्यायची आणि मुलांच्या जागी उशा घ्यायच्या. चार उशा एका कवेत मावतात, चार मुलं मावत नाहीत. एवढी साधी गोष्ट मला त्या दिवशी सुचली नाही. सुचली असती तरी मी काही बोलले असते का, याची आज खात्री देत नाही.

मी मुळात मुलांची माणूस नाही, बॉयलरची आहे. मेकॅनिकल इंजिनिअर होऊन, लग्न करून सांगलीहून फरीदाबादला आले आणि तिथल्याच एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर झाले. प्रेस मशीनच्या जाळ्या, क्रेनच्या साखळ्या, बॉयलरचे व्हॉल्व्ह यांत माझी पंधरा वर्षं गेली. मग बाहेरचा माल खुलेआम यायला लागला, आमचा माल खपेना. कारखान्यानं सगळ्यांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म ठेवले. त्यात स्वेच्छा किती होती ते फॉर्म भरणाऱ्यांनाच ठाऊक. मी भसीन साहेबांच्या सेफ्टी कन्सल्टन्सीत लागले. करोल बागेत खाली गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आणि वर आमचं ऑफिस.

तोवर गुडगावात काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या. त्यांत अमेरिकन कंपन्या आल्या, कंपन्यांबरोबर नवराबायको दोघं नोकरी करणारी तरुण जोडपी आली आणि त्यांच्या पोरांसाठी कंपन्यांनी सेक्टरातल्या कोठ्या, म्हणजे बंगले, भाड्यानं घेऊन क्रेश काढले. अमेरिकेतल्या हेड ऑफिसला त्या क्रेशचं सेफ्टी ऑडिट हवं असायचं.

"सालवी जी, ये क्रेशवाला काम आप देखिए," भसीन साहेब म्हणाले. "आप तो लेडी हैं."

"सर, मैं बॉयलर देखती हूँ."

"वही तो. बच्चा और बॉयलर, दोनों कभी भी फट सकते हैं. बिल्कुल आपकी लाइन है."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आपली मुलगी सहा महिन्यांची होती तेव्हा तू तिला शेजारच्या आंटींकडे टाकून कारखान्यात पळायचीस. तेव्हा आंटींचं ऑडिट केलं होतंस का?" केलं नव्हतं. मी चहा ठेवायला उठले.

रितूच्या कंपनीनं आम्हाला बोलावलं त्याला कारण घडलं होतं. एका मुलाचा मामा भेटायला म्हणून क्रेशमध्ये आला आणि भाच्याला घेऊन गेला. कोणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. आईला वाटलं बापानं नेलं, बापाला वाटलं आईनं. दोन तासांनी मामाभाचे आइस्क्रीम खाऊन परत आले, तोवर पोलीस चौकीपर्यंत बोंब पोहोचली होती.

मी कोठी तपासली. माझ्या रिपोर्टात बरीच ऑब्झर्व्हेशन्स होती. ऑब्झर्व्हेशन म्हणजे आम्हाला दिसलेली उणीव आणि तिच्यावरचा उपाय. औषधांचं कपाट मुलांच्या हाताला येतं, वर न्या. व्हरांड्याच्या खिडकीखाली जनरेटर आणि डिझेलचा ड्रम आहे, हलवा. (तो हलला नाही. हलवायला जागाच नव्हती.) आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक मुलाचा फोटो लावलेलं एक गुलाबी कार्ड करा, ते फक्त आईबापांकडे द्या. त्याखाली मी ठळक अक्षरांत लिहिलं: कार्डाशिवाय कोणतंही मूल कोणत्याही परिस्थितीत गेटबाहेर जाणार नाही. वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं होतं. कारखान्यात मी अशीच वाक्यं लिहायचे.

अंमलबजावणी सुखलालवर आली. एका सिक्युरिटी एजन्सीनं पाठवलेला हा गार्ड उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यातला, पन्नाशीचा. मिशीला मेंदी, बुटांना पॉलिश. माझं वाक्य त्यानं हिंदीत लिहून घेतलं आणि पाठ केलं. शिवाय स्वतःच्या डोक्यानं एक रजिस्टर सुरू केलं. सकाळी किती मुलं आत आली, संध्याकाळी किती बाहेर गेली.

नियम लिहिला की त्याची परीक्षा घ्यायची, ही माझी सवय. तिसऱ्या दिवशी मी एक मूल कडेवर घेतलं आणि गेटवर गेले.

"कार्ड?" सुखलाल म्हणाला.

"मुझे पहचानते नहीं?"

"पहचानता हूँ मैडम. कार्ड?"

मी खोटं खोटं चिडले. डॉक्टरकडे न्यायचंय म्हणाले, वरून फोन आलाय म्हणाले, नोकरी जाईल म्हणाले. तो गेटला पाठ लावून उभा राहिला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाला. पुढच्याच आठवड्यात कंपनीच्या बड्या साहेबांची बायको स्वतःच्या मुलाला न्यायला आली. कार्ड दुसऱ्या पर्समध्ये राहिलेलं. ड्रायव्हर घरून कार्ड घेऊन येईपर्यंत बाईसाहेब चाळीस मिनिटं उन्हात उभ्या होत्या. रितूचा चेहरा पडला होता, पण मी रिपोर्टात लिहिलं, "गार्डचं वर्तन आदर्श." मग कंपनीलाही ते पटलं. सुखलालला इंग्रजीत सर्टिफिकेट मिळालं, ते फ्रेम करून त्याच्या केबिनमध्ये टांगलं गेलं. तो ते रोज पुसायचा.

यानंतर महिन्याभरानं ती उशांची ड्रिल झाली आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी खरोखरच आग लागली.

मी औषधांचं कपाट पुन्हा तपासायला आले होते. दुपारचे साडेबारा. गुडगावात तेव्हा व्होल्टेज मर्जीप्रमाणे यायचं, म्हणून प्रत्येक एसीला स्टॅबिलायझर असायचा. लोखंडी पेटी, आत तारांची गुंडाळी. व्हरांड्यातला स्टॅबिलायझर सकाळपासून गुणगुणत होता. बिमलाला पहिल्यांदा वास आला. "मैडम, कुछ जल रहा है," असं ती म्हणेपर्यंत पेटीतून काळा धूर निघाला आणि पडद्यानं पेट घेतला.

मी इन्चार्ज मॅडमना अलार्म दाबायला सांगितलं आणि मेन स्विच बंद करायला धावले. आग विझवायचा सिलिंडर उचलला, पडद्यावर पावडर मारली. हे मला येतं. ज्वाळा विझल्या, पण पेटी आतून धुमसत होती आणि धूर वाढतच होता. आया मुलं घेऊन बाहेर पडलेल्या मी पाहिल्या होत्या. मनात म्हटलं, एक मिनिट पन्नास सेकंद झाले असतील, सगळे कडुनिंबाखाली बसले असतील.

बाहेर आले तर सगळी वरात गेटच्या आतच उभी.

चिंचोळ्या जागेत चार आया, त्यांच्या कडेवर तान्ही मुलं, पायांत चालती मुलं. सगळी एका सुरात रडत होती. खिडकीतून धूर त्यांच्या अंगावर येत होता. दोन हातांवर डिझेलचा ड्रम. आणि गेटला पाठ लावून सुखलाल.

"गेट खोलो!" मी ओरडले.

"कार्ड नहीं है मैडम. किसी के पास नहीं है."

"आग लगी है!"

"जी. पिछली बार आपने डॉक्टर बोला था."

हा माणूस हट्टी नव्हता, मूर्खही नव्हता. त्याला वाटत होतं ही माझी दुसरी परीक्षा आहे. पहिलीत तो पहिला आला होता.

"सुखलाल, ये टेस्ट नहीं है. ड्रिल में गेट खोला था ना तुमने?"

"ड्रिल में तकिये थे मैडम. तकियों का कार्ड नहीं होता."

त्याचं बरोबर होतं. पुढचं वाक्य बिमलाकडे होतं. तिनं पुढे होऊन आपल्या कडेवरचं आठ महिन्यांचं बाळ सरळ सुखलालच्या छातीवर ठेवलं. "पकड़ इसे. गिरा तो तू जाने." कोणीही मूल असं अंगावर टाकलं की माणसाचे हात आपोआप वर येतात. त्याचेही आले. बिमलानं मोकळ्या हातानं अडसर काढला आणि गेट लाथेनं उघडलं. सगळ्या जणी रस्ता ओलांडून पळाल्या. सुखलाल बाळाला घेऊन त्यांच्यामागे धावला, "एक मिनट, एक मिनट" असं ओरडत. मदत करायला नव्हे, मुलं नजरेआड होऊ नयेत म्हणून.

पार्कात पोहोचल्यावर त्यानं मुलं मोजली. हजेरी घ्यायचं काम खरं इन्चार्ज मॅडमचं, पण त्यांचं रजिस्टर आत टेबलावर राहिलं होतं. सुखलालचं रजिस्टर काखेत होतं.

"सोलह," तो म्हणाला. पुन्हा मोजलं. "सुबह सत्रह आए थे मैडम. सोलह हैं."

मी धावायला निघाले तर त्यानं मला अडवलं. बाळ माझ्या हातात दिलं, स्वतःची काठीही दिली. "आप यहाँ खड़ी रहिए. इनमें से कोई हिलना नहीं चाहिए." आणि तोंडाला गमछा बांधून तो धुरात शिरला.

मी इतकी वर्षं लोकांना शिकवत आले आहे की धुरात शिरायचं नसतं. त्या दिवशी मी त्याला थांबवलं नाही. कडेवरचं बाळ माझी चष्म्याची काडी ओढत होतं आणि मी दाराकडे बघत मनातल्या मनात आकडे मोजत होते. एकशे चाळीसपर्यंत मोजले. मग तो आला, खोकत, डोळे लाल, खांद्यावर अडीच वर्षांची एक मुलगी. ती अलार्मला घाबरून बाथरूमच्या बादलीमागे लपली होती. याच मुलीच्या आईनं ड्रिलच्या वेळी ईमेल केली होती.

त्यानं रजिस्टर उघडलं, सतरावर खूण केली आणि गवतात बसला. मी त्याच्याशेजारी बसले आणि रडले. का रडले ते कोणी विचारलं नाही, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी कंपनीत मीटिंग. रितूनं आधीच कागद तयार केला होता. सुखलालवर दोन आरोप. एक, त्यानं मुलांना बाहेर काढण्यात अडथळा आणला. दोन, त्यानं ड्युटीची जागा सोडली, गेट उघडं टाकून तो आत गेला.

"ते वाक्य माझं होतं," मी म्हणाले. "‘किसी भी हालत में नहीं’, मैंने लिखा था."

"मॅम, रूल तो परफेक्ट है. गार्ड को थोड़ा जजमेंट लगाना चाहिए था."

"जजमेंट नहीं लगाया, इसी का तो सर्टिफिकेट दिया था आपने."

रितू वाईट मुलगी नव्हती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, तिला हेड ऑफिसला संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. "एजन्सी को फोन हो गया है मॅम," ती म्हणाली. "कल से दूसरा आएगा."

मी करोल बागेत परतले आणि अपघाताचा रिपोर्ट लिहायला घेतला. त्यात ‘रूट कॉज’ नावाचा रकाना असतो. घटनेचं मूळ कारण तिथे लिहायचं. आमच्या धंद्यात त्या रकान्यात शक्यतो सर्वांत कमी पगाराचा माणूस बसवतात. मी लिहिलं: सल्लागारानं दिलेल्या दोन सूचना, कार्डाशिवाय मूल बाहेर नाही आणि आग लागली की सगळे बाहेर, एकमेकींच्या आड येत होत्या. ड्रिल मुलांशिवाय घेतल्यामुळे ते उघडकीला आलं नाही. त्या ड्रिलवर सल्लागाराचीच सही आहे. गार्डनं लेखी सूचना पाळली आणि एका मुलीचा जीव वाचवला. त्याला कामावर ठेवावं.

भसीन साहेबांनी ते दोनदा वाचलं. "सालवी जी, यार, रूट कॉज में कंसल्टेंट? आज तक किसी ने लिखा है?"

"किसी ने तकियों पे साइन भी नहीं किया होगा."

"क्लाइंट जाएगा."

"जाने दीजिए. दूसरा कुछ लिखेंगे तो मैं साइन नहीं करूँगी."

दिवसभर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. संध्याकाळी रिपोर्ट जसाच्या तसा पाठवला. आपली ही नोकरीसुद्धा गेली, असं धरूनच मी फरीदाबादची बस पकडली.

पंधरा दिवसांनी अमेरिकेहून उत्तर आलं. इतका पारदर्शक रिपोर्ट आम्ही क्वचितच पाहिला, असं त्यात होतं. कंपनीच्या आणखी तीन क्रेशचं काम आम्हाला मिळालं. भसीन साहेबांनी ऑफिसात बर्फी वाटली आणि एक तुकडा स्वतःच्या हातानं मला दिला. "ईमानदारी, सालवी जी. मैं हमेशा कहता हूँ." पत्राच्या शेवटच्या पानावर तक्ता होता. दोन्ही सूचनांची दुरुस्ती: सुरू. ड्रिल यापुढे मुलांसह: मान्य. गार्ड: बदलला. बाब बंद.

मी रितूला फोन केला. ती म्हणाली, "मॅम, वो पॉइंट क्लोज्ड है. रीओपन करेंगे तो ऊपर से पूछेंगे, क्यों."

म्हणजे चूक मी केली, कबूलही मी केली आणि बर्फीही मीच खाल्ली. नोकरी गेली ती त्याची. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सुखलाल आठवड्यानं स्वतःच ऑफिसात आला. दुकानाशेजारचा जिना चढून, घामेजलेला, बुटांना पॉलिश तसंच. खुर्चीच्या कडेवर बसला. "मैडम, एजेंसी गेट पे नहीं लगा रही. बोलते हैं, रिमार्क खराब है. वो फ्रेमवाला सर्टिफिकेट मिल जाता तो..."

फ्रेम क्रेशनं ठेवून घेतली होती.

"सुखलाल, गलती मेरी थी," मी म्हणाले.

तो म्हणाला, "गेट तो मैंने बंद रखा था मैडम." मग म्हणाला, "पर बच्चे पूरे सत्रह थे."

मी टाइपरायटर ओढला आणि माझ्या नावानं, माझ्या सहीनं त्याला नवं सर्टिफिकेट दिलं. वर इंग्रजीत, खाली हातानं हिंदीत, म्हणजे त्यालाही वाचता यावं. त्याचा अर्थ असा: हा माणूस लिहून दिलेली सूचना तंतोतंत पाळतो. सूचना लिहिणाऱ्यानं ती विचार करून लिहावी. याच्या रजिस्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवावा.

त्यानं ते ओठ हलवत वाचलं. मधल्या ओळीवर थांबला. कागदाची घडी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून गेला. मी फरीदाबादच्या माझ्या जुन्या ओळखीच्यांना चार फोन केले. त्यातला एक लागू पडला. रसायनांचं गोदाम असलेल्या एका कारखान्याला गेटवर पक्का माणूस हवा होता.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच कारखान्याचं ऑडिट माझ्याकडे आलं. अकराची वेळ ठरली होती, मी पावणेअकराला गेटवर हजर. सुखलाल उठून उभा राहिला, सलाम केला, घरच्यांची चौकशी केली, मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. मग म्हणाला, "पास?"

पास आतल्या ऑफिसातून यायचा होता आणि आतला माणूस फोन उचलत नव्हता. सुखलालनं मला बसायला स्वतःची खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. गेट तेवढं दिलं नाही. मी पाऊण तास तिथे बसले आणि तक्रार केली नाही. शेवटी शिपाई पास घेऊन आला. सुखलालनं तो वाचला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा एकदा वाचला, रजिस्टरात माझं नाव लिहिलं आणि मग गेट उघडलं.